झारीचा इतिहास : बोन्सायचे संगोपन, पाणी आणि अनाम श्रम

मराठी वैचारिक लेखनात 'बोन्साय' हा शब्द झाडांपेक्षा माणसांसंबंधी अधिक वेळा येतो. एखाद्याच्या गुणांना वाव मिळू दिला नाही, एखाद्या संस्थेची वाढ मुद्दाम रोखली, की 'त्यांचा बोन्साय केला' असे आपण सहज म्हणून जातो. या रूपकामागे एक गृहीत दडलेले आहे. लहान झाड म्हणजे उपाशी ठेवलेले झाड. त्याचे अन्नपाणी तोडले म्हणून ते लहान राहिले, असे ते गृहीत होय. 'वामनवृक्ष' हा आपला प्रतिशब्द त्या मानाने सौम्य आहे, परंतु व्यवहारात त्यालाही हाच अर्थ चिकटला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. उथळ तबकातील झाडाचे पाणी तोडले तर ते लहान राहत नाही, ते मरते, आणि उन्हाळ्यात तर काही दिवसांतच मरते.

प्रस्तुत निबंधात बोन्सायच्या इतिहासाकडे पाण्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या कलेचे रूढ इतिहास छाटणीच्या शैली, कुंड्यांचे घाट, प्रदर्शने आणि मालक यांच्याविषयी विस्ताराने बोलतात. झारी धरणारा हात त्यांत क्वचितच दिसतो. जपानमधील काही बोन्साय तीनशे, चारशे, त्याहूनही अधिक वर्षांचे आहेत. चारशे वर्षे म्हणजे सुमारे १ लाख ४६ हजार दिवस. हिवाळ्यातील खाडे आणि उन्हाळ्यातील दुबार पाणी यांची वजाबेरीज करूनही एक लाखाच्या आसपास वेळा कोणीतरी त्या झाडापाशी जाऊन माती पाहिली आणि पाणी घातले, असा हिशेब निघतो. अशा झाडाकडे केवळ कलाकृती म्हणून न पाहता अखंड श्रमाचा पुरावा म्हणून पाहिले, तर इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल बरेच वाढते.

उथळ तबकातील पाणी

'बोन्साय' हा शब्द दोन चिन्हांनी लिहिला जातो. 'बोन' म्हणजे तबक किंवा उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लावलेली वनस्पती. पात्राचा उथळपणा हा असा नावातच आहे, आणि संगोपनातील बहुतेक अडचणींचे मूळही तोच आहे. जमिनीतील झाडाची मुळे ओलाव्याच्या शोधात खोल जातात. तबकातील मुळांना तशी मुभा नाही. दोनचार बोटे मातीत जेवढे पाणी मावेल तेवढ्यावरच पानांतून उडून जाणाऱ्या बाष्पाची भरपाई व्हायची असते. ऊन आणि वारा दोन्ही असतील तर सकाळी तृप्त झालेली माती दुपारपर्यंत कोरडी पडू शकते.

याच तबकात नेमकी उलट अडचणही असते आणि नवशिका माणूस तिथेच फसतो. कोणत्याही कुंडीतून जास्तीचे पाणी छिद्रावाटे वाहून गेले तरी तळाशी मातीचा एक थर ओथंबलेला राहतो. केशाकर्षणामुळे ते पाणी खाली सुटत नाही. या थराची उंची मातीच्या कणांच्या आकारावर ठरते; कुंडी किती खोल आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. माती तीच असेल तर खोल कुंडीत हा थर एकूण मातीच्या मानाने थोडा असतो, तर उथळ तबकात तो निम्म्याहून अधिक माती व्यापू शकतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सतत चिंब मातीत त्यांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, त्यामुळे झाडाची पाने तहानल्यासारखी मलूल होतात. मालकाला वाटते पाणी कमी पडले; तो आणखी पाणी घालतो.

म्हणजे एकाच पात्रात झाड तहानेनेही मरू शकते आणि बुडूनही. यावर जपानी माळ्यांनी काढलेला तोडगा मातीचा आहे. कांतो मैदानात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली दाणेदार तांबूस माती मिळते, तिला 'अकादामा' म्हणतात. ती चाळून बारीक भुगा काढून टाकायचा आणि सारख्या आकाराचे दाणे तेवढे वापरायचे. दाण्यांच्या आत पाणी राहते, दाण्यांमधील पोकळ्यांत हवा राहते. निचरा चांगला झाला की पाणी वारंवार द्यावे लागते. म्हणून चांगल्या मातीतील बोन्सायला वाईट मातीतील बोन्सायपेक्षा अधिक वेळा पाणी लागते. हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते, परंतु या साऱ्या संगोपनाचा पाया तेथेच आहे. अकादामाचा आणखी एक उपयोग आहे. ओली असताना तिचा रंग गडद असतो आणि वाळता वाळता फिकट होतो, त्यामुळे अनुभवी डोळ्याला कोणत्या कुंडीला पाणी हवे ते दुरूनही कळते.

काही वर्षांत हे दाणे फुटून चिखल होतो, मुळे कुंडीभर दाटतात आणि वरून घातलेले पाणी आत न मुरता कडेने ओघळून जाते. त्या वेळी झाड उपसून मुळांची छाटणी करायची आणि नव्या मातीत बसवायचे. पानझडी कोवळ्या झाडाला हे दर दोनतीन वर्षांनी लागते, जुन्या पाइनला पाच वा अधिक वर्षांनी चालते. मुळे छाटण्याची ही क्रिया पाहून बाहेरच्या माणसाला क्रौर्य आठवते. प्रत्यक्षात छाटलेल्या मुळाला नवे बारीक तंतू फुटतात आणि पाणी शोषण्याचे काम मुख्यतः तेच करतात. झाड लहान राहते ते फांद्यांच्या व शेंड्यांच्या नियमित छाटणीमुळे आणि मुळांना मिळणाऱ्या मर्यादित जागेमुळे. त्याची तहान भागवणे हा त्याच व्यवहाराचा दुसरा भाग आहे.

पाणी घालण्याची रीत वरवर अगदी सोपी आहे. लांब मानेची, बारीक छिद्रांची झारी घ्यावी. पावसासारखे हलके पाणी मातीवर पडू द्यावे. पहिल्या फेरीत माती भिजली की थोडे थांबून दुसरी फेरी करावी आणि तळाच्या छिद्रांतून पाणी वाहू लागेपर्यंत थांबू नये. घोट घोट पाणी देणे हा सर्वांत मोठा दोष, कारण त्याने वरचा पापुद्रा ओला दिसतो आणि खालची मुळे कोरडीच राहतात. अवघड आहे ते 'केव्हा' हे ओळखणे. पातळ पानांचा मेपल फार तहानलेला असतो, पाइनला किंचित कोरडेपणा मानवतो, आणि फुलणाऱ्या विस्टेरियाच्या कुंड्या तर भर उन्हाळ्यात पाण्याने भरलेल्या ताटात ठेवल्या जातात. एकाच ओळीत शेजारी शेजारी मांडलेल्या झाडांची गरज एकसारखी नसते. जपानी माळ्यांत 'पाणी घालायला तीन वर्षे' अशा अर्थाची म्हण रूढ आहे. तीन वर्षे झारी हाताळल्यावर पाणी घालणे जेमतेम येते, असा तिचा आशय. गुरूच्या बागेत राहून शिकणाऱ्या शिष्याच्या पहिल्या कामांत तण काढणे, झाडलोट आणि पाणी घालणे ही कामे असतात. झाडाच्या आकाराला हात लावण्याची परवानगी बरीच नंतर मिळते. शिक्षणाच्या या क्रमाविषयी आपल्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांनी एखादा स्वतंत्र निबंध लिहावा इतका तो विचार करण्याजोगा आहे.

चित्रांत, आख्यायिकांत

बोन्सायची पूर्वपरंपरा चिनी आहे. शेन्सी प्रांतातील छ्येनलिंग या राजस्मारकाच्या परिसरात थांग राजवंशातील राजपुत्र ली श्येन याची कबर आहे. इ.स. ७०६ मधील या कबरीचे उत्खनन १९७१-७२ मध्ये झाले. तिच्या भिंतींवरील एका चित्रात खडे आणि छोटी रोपे असलेले तबक दोन्ही हातांत धरून चाललेली सेवक व्यक्ती दिसते. तबकातील निसर्गदृश्याचे सर्वांत जुने म्हणून सांगितले जाणारे हे चित्रण आहे. अभ्यासक त्याचा उल्लेख नेहमी तबकासाठी करतात. प्रस्तुत लेखकाला मात्र महत्त्वाचे वाटते ते हे की, या परंपरेच्या पहिल्याच चित्रात मालक नाही, वाहून नेणारा सेवक आहे.

जपानमध्ये ही आवड बौद्ध भिक्षू आणि चीनशी असलेले दळणवळण यांच्याद्वारे पोचली. १३०९ मधील 'कासुगा गोंगेन गेंकी' या चित्रगुंडाळीत एका श्रीमंताच्या घराच्या अंगणात उथळ पात्रांत लावलेली झाडे व दगड दिसतात. त्यानंतरच्या दोन साहित्यकृतींत या छंदाविषयीच्या परस्परविरोधी भावना आढळतात. केंको याच्या १३३० च्या सुमाराच्या 'त्सुरेझुरेगुसा'मध्ये हिनो सुकेतोमो या दरबाऱ्याची हकिकत आहे. पावसापासून आडोसा म्हणून तो एका मंदिराच्या दारात थांबला असता त्याला तेथे व्यंग असलेले भिकारी दिसले. आधी त्याला ते पाहण्याचे कुतूहल वाटले, मग किळस आली, आणि घरी जाऊन त्याने आपली हौसेने जमवलेली वाकडीतिकडी कुंडीतील झाडे फेकून दिली. वाकलेल्या झाडाची आवड आणि अपंग माणसाकडे टक लावून पाहणे यांतील साम्य त्याला जाणवले असावे. मराठीतील 'बोन्साय केला' या रूपकाचा दूरचा पूर्वज शोधायचा तर तो येथे सापडतो.

'हाचिनोकी' हे नोह नाटक याच्या दुसऱ्या टोकाला उभे आहे. दरिद्री झालेला सामुराई सानो त्सुनेयो बर्फाच्या रात्री दारी आलेल्या प्रवासी भिक्षूला ऊब मिळावी म्हणून आपल्याजवळची शेवटची तीन कुंडीतील झाडे जाळतो. त्यांत एक प्लम, एक चेरी आणि एक पाइन. तो भिक्षू वेषांतर केलेला राज्यकारभारी होजो तोकियोरी (१२२७–१२६३) निघतो आणि पुढे त्सुनेयोला तीन गावे इनाम देतो, ज्यांच्या नावांत हीच तीन झाडे आहेत. जाळलेली झाडे नाटकात बलिदान ठरतात. परंतु घरात धान्य नसतानाही त्सुनेयोने ती तिन्ही झाडे तोवर जगवली होती, यात त्याच्या निष्ठेचा पुरावा अधिक आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

एदो काळात (१६०३–१८६८) कुंडीतील झाडांचा छंद शोगुनच्या वाड्यापासून गल्लीतल्या फिरत्या रोपविक्रेत्यापर्यंत पसरला. तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सु (१६०४–१६५१) याला या झाडांचे वेड होते. त्याचा वृद्ध सल्लागार ओकुबो हिकोझाएमोन याने त्याला राज्यकारभाराची आठवण करून देण्यासाठी त्याच्यादेखत एक लाडके झाड अंगणात भिरकावले, अशी आख्यायिका आहे. इएमित्सुचा म्हणून ओळखला जाणारा पाच सुयांचा पाइन तोक्योच्या राजप्रासादातील संग्रहात आजही आहे. त्याचे वय पाचशे वर्षांच्या घरात मानले जाते. शोगुनशाही १८६८ मध्ये संपली, राजधानीचे नाव बदलले, १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बाँबफेक झाली; झाड राहिले. सत्तेच्या या सर्व स्थित्यंतरांत एक काम मात्र न थांबता चालू राहिले असले पाहिजे.

याच काळात माळीकाम हा ज्ञानाचा आणि छापील ग्रंथांचा विषय झाला. एदोलगतच्या सोमेई या गावी रोपवाटिकांची वस्ती होती. तेथील इतो घराण्यातील इहेई याने १६९५ मध्ये 'कादान चिकिन्शो' हा बागकामाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १८१८ मध्ये इवासाकी त्सुनेमासा याचा वनस्पतींच्या संगोपनावरील 'सोमोकु सोदातेगुसा' निघाला. दरबारी कवितेत झाड हे एकांताचे वा दीर्घायुष्याचे प्रतीक असते. या ग्रंथांत ते माती, खत आणि ओल मागणारा जीव असते. आपल्याकडेही वनस्पतीविषयक सामाजिक इतिहास लिहिताना काव्यापेक्षा अशा व्यावहारिक ग्रंथांकडे आधी वळायला हवे.

पाणी तोडण्याची कल्पना

मग 'उपाशी ठेवलेले झाड' ही कल्पना आली कोठून? तिच्या प्रसारात एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य प्रवासवर्णनांचा वाटा मोठा आहे. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने चीनमध्ये पाठवलेला वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून (१८१२–१८८०) याने १८४७ च्या आपल्या प्रवासग्रंथात चिनी माळ्यांच्या ठेंगण्या झाडांचे वर्णन केले आहे. झाडातील रसाचा प्रवाह मंदावला की वाढ मंदावते, हे तत्त्व सांगून त्याने त्यासाठी योजले जाणारे उपाय मोजले. मुळे कोंडणे, फांद्या वाकवणे आणि पाणी रोखून धरणे हे त्यांतील काही. फॉर्च्यून हा जाणकार निरीक्षक होता. कोवळ्या झाडाची वाढ काही काळ आवरण्यासाठी ओल किंचित कमी ठेवतात, हे खरेही आहे. मात्र रोप घडवतानाच्या एका टप्प्यावरील युक्ती आणि शतकानुशतके चालणारे संगोपन यांतील फरक वाचकांच्या मनात पुसला गेला, आणि उपासमारीचे चित्र तेवढे उरले. पौर्वात्य समाजाविषयीच्या त्या काळातील इतर समजुतींशी ते चांगले जुळणारे होते.

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात, पुढे १९१० च्या लंडनमधील जपान-ब्रिटिश प्रदर्शनात ही झाडे युरोपीय प्रेक्षकांनी पाहिली. १८९० मध्ये उभी राहिलेली योकोहामा नर्सरी कंपनी ती जहाजांतून परदेशी पाठवू लागली. विकत घेणाऱ्याला झाड मिळे. ते झाड जगवणारा माणूस सोबत येत नसे. काय होत असेल याची कल्पना करता येते, आणि एका संग्रहाच्या बाबतीत कल्पनेची गरजही नाही.

लार्झ अँडरसन हे १९१२-१३ मध्ये अमेरिकेचे जपानमधील राजदूत होते. परतताना त्यांनी योकोहामा नर्सरीकडून ठेंगण्या झाडांचा संग्रह घेतला आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथील आपल्या वाड्यात ठेवला. त्यात अठराव्या शतकापासून घडवलेले हिनोकी सायप्रस होते. त्यांच्या देखभालीसाठी अँडरसन दांपत्याने जपानी माळी नेमले. त्यांपैकी रायनोसुके आवानो यांचे नाव नोंदींत टिकले आहे. अँडरसन यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये त्यांच्या पत्नी इझाबेल यांनी ३० झाडे हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड आर्बोरेटमला दिली आणि उरलेली ९ झाडे १९४९ मध्ये तेथे आली. एकूण ३९. जगातील अग्रगण्य वनस्पतिसंस्थांपैकी ती एक, तरीही नंतरच्या दशकांत त्यांतील अनेक झाडे दगावली. वनस्पतिशास्त्राचे ज्ञान तेथे विपुल होते. कमतरता होती ती या विशिष्ट झाडांकडे दररोज पाहणाऱ्या प्रशिक्षित नजरेची. १९६९ मध्ये कॉन्स्टन्स डर्डेरियन या बोन्साय जाणणाऱ्या बाईंनी देखभाल हाती घेतली आणि उरलेली झाडे सावरली. दानपत्रात त्यांच्यासारख्यांचे नाव येत नाही. संग्रह अर्थातच आजही अँडरसन यांच्या नावाने ओळखला जातो.

ओमिया

१ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या भूकंपाने आणि त्यापाठोपाठच्या आगीने तोक्यो व योकोहामा उद्ध्वस्त झाले. पाणीपुरवठ्याच्या नळवाहिन्या फुटल्याने आग विझवणेही अशक्य झाले होते. सेंदागी, कोमागोमे या भागांतील बोन्साय-माळ्यांनी शहराबाहेर जागा शोधण्याचा निर्णय घेतला आणि १९२५ मध्ये सैतामा प्रांतातील ओमिया येथे त्यांची वसाहत उभी राहिली. जागेच्या निवडीची सांगितली जाणारी कारणे साधी होती : मोकळी जमीन, योग्य माती, शुद्ध हवा आणि चांगले पाणी. पाण्यासाठी गाव वसवल्याची उदाहरणे इतिहासात असंख्य आहेत. कुंडीतील झाडांच्या पाण्यासाठी गाव वसवल्याचे हे बहुधा एकमेव असावे.

या वसाहतीचे १९२८ मधील नियम समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावेत असे आहेत. येथे राहणाऱ्याकडे किमान दहा बोन्साय असावेत. दार सर्वांसाठी उघडे असावे. दुमजली घर बांधू नये. कुंपण भिंतीचे न करता हिरव्या वनस्पतींचे करावे. दुमजली घराला मनाई करण्यामागे शेजाऱ्याच्या झाडांवर सावली पडू नये आणि कोणी वरून खाली पाहू नये, असे दोन्ही विचार असल्याचे सांगतात. झाडाच्या गरजेवरून माणसांच्या घरांची उंची ठरावी, हे नगररचनेत दुर्मीळच.

१९३४ मध्ये तोक्योतील उएनो येथे 'कोकुफू' प्रदर्शनाला प्रारंभ झाला आणि बोन्सायला चित्रकला व शिल्पकलेच्या पंक्तीत स्थान मिळाले. थोड्याच वर्षांत युद्ध आले. अन्नधान्याची टंचाई असताना कुंडीतील झाड ही चैन ठरली, तरुण माळी सैन्यात गेले आणि ओमियातील बागा ओस पडू लागल्या. क्यूकाएन या बागेचे क्यूझो मुराता (१९०२–१९९१) यांनी या काळात झाडे जगवली. राजप्रासादातील संग्रहाची देखभालही त्यांच्याकडे अनेक वर्षे होती. युद्धकाळातील जपानचा इतिहास सैन्य, कारखाने आणि रेशन यांच्या आकड्यांत लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. त्या इतिहासाच्या समासात रोज सकाळी ओळीने कुंड्यांना पाणी घालणाऱ्या मोजक्या माणसांची नोंद व्हायला हरकत नाही. १९४७ मध्ये कोकुफू प्रदर्शन पुन्हा भरले, ते या माणसांमुळेच शक्य झाले. ओमियात आज मोजक्याच बागा उरल्या आहेत; २०१० मध्ये तेथे बोन्साय कला संग्रहालय सुरू झाले.

या चर्चेत आपल्या हवामानाचा प्रश्न ओघाने येतो. महाराष्ट्रात बोन्साय करणारे प्रामुख्याने वड, पिंपळ, उंबर या कुळातील झाडे निवडतात. भिंतीच्या फटीत रुजणारी ही झाडे मुळांची अडचण आणि पाण्याची ओढ दोन्ही सोसतात, म्हणून ती निवड शहाणपणाची आहे. तरीही विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात त्यांना दोनदा पाणी लागते, आणि आषाढात त्याच कुंडीला पावसाच्या धारेपासून सांभाळावे लागते. कूपनलिकेच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेवर पांढरा थर चढतो आणि पाने पिवळी पडतात, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. जपानी पुस्तकातील वेळापत्रक येथे चालत नाही. नजर तेवढी तीच लागते. तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या घरांत ती शिकवावी लागते असेही नाही.

हिरोशिमातील पाइन

अनाम श्रमाचा सर्वांत स्पष्ट पुरावा ज्या झाडाने दिला, तो पाच सुयांचा एक जपानी पाइन आहे. किमान १६२५ पासून तो बोन्साय म्हणून वाढवला जात आहे. हिरोशिमातील यामाकी घराण्याच्या रोपवाटिकेत तो पिढ्यान्‌पिढ्या होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता अणुबाँब फुटला तेव्हा स्फोटकेंद्रापासून हे घर सुमारे तीन किलोमीटरवर होते. खिडक्यांच्या काचा फुटून घरातील माणसे जखमी झाली, पण वाचली. बागेतील झाडे उंच भिंतीच्या आड होती, तीही वाचली. एवढी हकिकत सर्वत्र सांगितली जाते आणि श्रेय भिंतीला दिले जाते.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक पाऊल पुढे जायला हवे. भिंतीने झाड त्या एका क्षणापुरते वाचवले. ऑगस्टचा महिना होता, ऐन उन्हाळा. शहर जळत होते, जखमींना प्यायला पाणी नव्हते, आणि उथळ कुंडीतील झाड पाण्यावाचून फार दिवस तगत नाही. झाड त्या आठवड्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत जिवंत राहिले, याचा अर्थ काचांनी जखमी झालेल्या त्या घरातील कोणीतरी, कोठून तरी आणून, त्याला पाणी घातले असले पाहिजे. ते नैतिकदृष्ट्या कसे पाहावे? माणसे तहानेने मरत असताना झाडाला दिलेले पाणी हा अपराध म्हणावा की जगण्यावरचा विश्वास म्हणावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रस्तुत लेखकाला त्यात अपराध दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे रोजचे काम त्या दिवशीही करावे असे कोणाला तरी वाटले, इतकेच त्यातून निश्चितपणे म्हणता येते.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने ५३ बोन्साय भेट दिले. त्यांतील तीन राजघराण्याकडून आले होते. मासारू यामाकी यांनी हा पाइन त्यांत दिला. मेरीलँडमधील ग्लेन डेल येथे वर्षभर विलग्नवासात ठेवल्यानंतर ही झाडे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आर्बोरेटममध्ये आली आणि त्यांतूनच तेथील बोन्साय संग्रहालय उभे राहिले. ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला झाड देताना यामाकी यांनी त्याच्या पूर्वेतिहासाचा गाजावाजा केला नाही. मार्च २००१ मध्ये त्यांचे नातू आजोबांचे झाड पाहायला वॉशिंग्टनला आले, तेव्हा ते हिरोशिमातून वाचलेले झाड असल्याचे संग्रहालयाला समजले. म्हणजे पंचवीस वर्षे तेथील कर्मचारी आणि स्वयंसेवक त्याला पाणी घालत होते, ते झाड काय आहे हे ठाऊक नसताना. सांगितल्यावर त्यांच्या कामात काही फरक पडला असेल असे वाटत नाही. पाइनला जेवढे पाणी लागते तेवढेच लागत राहिले.

जानेवारी २०१९ मध्ये सैतामा प्रांतातील एका बागेतून सात बोन्साय चोरीला गेले. त्यांत चारशे वर्षांचे एक शिंपाकू ज्युनिपर होते. सर्व मिळून किंमत एक कोटी तीस लाख येनच्या घरात होती. ही बाग चालवणाऱ्या पतिपत्नींपैकी पत्नीने समाजमाध्यमावर जाहीर निवेदन केले. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय करणाऱ्या घराने पोलिसांना, विमा कंपनीला, खरेदीदारांना उद्देशून काही लिहावे अशी अपेक्षा होती. तिचे शब्द चोरांना उद्देशून होते. हे झाड आठवडाभरही पाण्यावाचून जगणार नाही, ज्याने नेले असेल त्याने त्याला पाणी घालावे, अशी तिने विनंती केली होती.